छताआडचे कोरडे फवारे

सभागृहाच्या व्यवस्थापकांना बायको सोडून सगळे मामा म्हणत. मामांचा जीव सभागृहाच्या छतात. खऱ्या छताखाली हातभर जागा सोडून त्यांनी लाकडी फळ्यांचं दुसरं छत टांगून घेतलं होतं, आणि त्याचं कौतुक ऐकल्याशिवाय ते पाहुण्याला सोडत नसत.

अग्निशमन खात्याच्या बाई तपासणीला आल्या. शिडी लावून त्यांनी एक फळी सरकवली.

"आत वायरी, भुसा, कबुतरांची घरटी. ठिणगी पडली तर आग या पोकळीतून टोकापर्यंत पळेल. आतही पाण्याचे फवारे हवेत."

"खाली आहेत की ढीगभर!"

"खालच्यांना वरची आग कळेस्तोवर उशीर होईल."

"अहो बाई, वर बसतं कोण? प्रेक्षक खाली असतात!"

बाई हसल्या नाहीत. फवारे बसेपर्यंत सभागृह बंद, असं बजावून गेल्या.

नळ टाकायचे म्हणजे फळ्या उतरवायच्या. मामा एकही फळी उतरवू देईनात. मग त्यांनी डोकं लढवलं: फवाऱ्यांची तोंडं आणून आत नुसती चिकटवली. मागे ना नळ, ना पाणी.

"शोभेचे फवारे?" बायकोनं विचारलं.

"तुला त्यातलं कळत नाही."

फेरतपासणीला दुसरेच साहेब आले. त्यांना शिडीची भीती. खालूनच विजेरी मारून "वा, छान!" म्हणाले.

पुढे सुरक्षित सभागृहाबद्दल मामांचाच सत्कार ठरला. त्यासाठी जादा दिवे लावले आणि छताआडची जुनी वायर तापली. "माझ्या सभागृहात मुंगीलासुद्धा चटका बसणार नाही," असं मामा सांगत होते, तोच फळ्यांच्या फटींतून धूर उतरला.

"भाषण पुरे, बाहेर चला!" बायको ओरडली.

माणसं धडपडत निघाली आणि वाचली. मामा मात्र माइक सोडेनात. बायकोनं दंडाला धरून ओढलं. वर आग मोकाट धावली. फळ्या जळून कोसळू लागल्या तेव्हा कुठे खालचे फवारे सुटले आणि रिकाम्या खुर्च्या न्हाऊन निघाल्या.

चौकशीत साहेबांनी मामांकडे बोट दाखवलं, मामांनी कबुतरांकडे. ठपका कबुतरांवर आला.

मामा निवृत्त झाले आणि लगेच सल्लागार म्हणून परतले. नव्या सभागृहाला टांगतं छत नाही. नळ, वायरी सगळं उघडं. "कल्पना माझीच," ते सांगतात, "हल्ली उघडंच शोभतं."

बायको कार्यक्रमांना येते. दारालगतच्या खुर्चीत बसते, आणि मामा बोलायला उठले की हळूच बाहेर जाते.