मुकी चढाई

माझ्या नवऱ्याला रोह्याच्या केमिकल कंपनीने घेतलं ते कबड्डीसाठी. शिफ्ट नावापुरती, बाकी सराव. कायम नोकरी, राहायला क्वार्टर. मीही वाडीत जाऊन मिरवून घ्यायचे, खोटं कशाला बोलू!

मग टाकी साफ करताना ठेक्यावरचा एक कामगार गॅसने गुदमरून मेला. आमच्याच वाडीचा. कंपनी म्हणाली, दारू पिऊन उतरला होता. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाला मेल्यावर दारुडा ठरवलं, ते माझ्या नवऱ्याला सोसवेना.

सव्वीस जानेवारीला पेणला अंतिम सामना होता. हा दंडाला काळी फीत बांधून उतरला. साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं, "झेंड्यासमोर काळं? देशाचा अपमान करतोस? सोड ती, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

त्याने फीत सोडली. राष्ट्रगीत सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं. मला वाटलं, सुटलो बाबा.

पहिली चढाई त्याचीच. मातीला हात लावून कपाळाला लावला आणि तोंड मिटूनच रेषा ओलांडली. चढाईत "कबड्डी, कबड्डी" म्हटलं नाही तर चढाई फुकट. पंचांनी शिट्टी मारली, गुण समोरच्यांना. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच, तेव्हा त्याला बाहेर बसवलं. सामना हातचा गेला.

माझ्या शेजारी त्या मेलेल्या कामगाराची बायको बसली होती. तिने माझा हात घट्ट धरला. "माज्या मानसासाठी गप ऱ्हायला ना गो त्यो?"

"व्हय गो," मी म्हटलं.

ते आम्हा दोघींनाच कळलं. बाकीचे त्याच्यावर चपला फेकत होते. "विकला गेला! पैसे खाल्ले!"

साहेबांना आयतंच मिळालं. कामावरून काढताना ना फितीचं नाव, ना टाकीचं. मुद्दाम सामना हरला, एवढंच कारण. निषेध केला म्हणून हाकललं असतं, तर मी मान ताठ ठेवून वाडीत आले असते. अजून संताप होतो.

आता तो दुसऱ्याच्या शेतावर राबतो. सव्वीस जानेवारीला शाळेत जाऊन झेंड्यासमोर ताठ उभा राहतो. नंतर तिथे कबड्डी असते, पण त्याला कुणी थांब म्हणत नाही.

आम्ही दोघींनी खरं काय ते किती जणांना सांगितलं. लोक तोंडावर हसतात. म्हणतात, "दारुड्याची बायको नि विकलेल्याची बायको, आल्या साक्ष द्यायला!"