वहिनीनं बदललेला रेडिएटर

आमच्या घरात एखादं काम दिवसभरात उरकतं, पण त्याचे किस्से वर्षभर पुरतात. हर्सूलच्या घरी अंगणात गाडीचा रेडिएटर बदलला, त्याचे तर अजून पुरताहेत.

वहिनीच्या बहिणीचा साखरपुडा रविवारी, लासूर स्टेशनला. आणि शुक्रवारी गाडीच्या बोनेटमधून वाफ. रेडिएटर फुटलेला, नेहमीचा मिस्त्री लग्नासाठी गावाला गेलेला. दादा म्हणाला, बसनं जाऊ. वहिनी माहेरी वडिलांच्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडत मोठी झालेली. ती म्हणाली, "नवा रेडिएटर आन् पाइप तेवढे आणा. बसवते मी."

*

शनिवारी सकाळी इंजिन गार ठेवणारं जुनं कूलंट टबात काढलं. हिरवंगार, सरबतासारखं. चवीला गोड, पण विषारी असतं, असं वहिनीनं सांगितलं मात्र, आबा काठी घेऊन टबाशी बसले. आबा म्हणजे आमचे वडील. जन्म मेंढरांमागं गेलेला. शेजारची शेळी हाकलली, गल्लीतलं कुत्रं हाकललं. दादा हात बुडवायला वाकला, तर त्यालाही काठी आडवी.

*

रेडिएटरचा खालचा पाइप काही केल्या निघेना. दादानं पाय टेकवून जोर लावला. पाइप तिथंच राहिला, दादा तुळशीजवळ जाऊन बसला. वहिनीनं चाकूनं पाइप उभा चिरला आणि सोलून काढला. नवा आणलेला होताच.

हे आधी का नाय सांगितलं, दादानं विचारलं.

"तुम्ही लई जोरात होता."

*

नवा रेडिएटर बसला, कूलंट भरलं. आता आतली हवा निघावी म्हणून इंजिन चालू ठेवून हीटर फुल करायचा. मे महिना, भर दुपार. दादा-वहिनी गाडीत घामाघूम, नजर तापमानाच्या काट्यावर. गल्लीतले खानचाचा काचेशी वाकले.

"क्या मियाँ, बाहर की गर्मी कम पड़री क्या?"

*

रविवारी आबांसकट सगळे निघालो, गाडी वहिनीनंच चालवली. शहरातली छावणी मागं पडली, ऊन पेटलेलं. काटा मधोमध आला आणि तिथंच थांबला. दादानं भीतभीत एसी लावला. काटा हलला नाय.

पुढं रस्त्याकडेला एक मोठी नवीकोरी गाडी वाफ सोडत उभी होती. वहिनीनं थांबून त्या माणसाला गरम झाकण उघडू दिलं नाय. गार झाल्यावर आमच्या कॅनमधलं पाणी ओतून दिलं. त्यानं आबांना विचारलं, एवढ्या उन्हात तुमची जुनी गाडी तापली कशी नाही? कोणत्या गॅरेजला दाखवता?

आबांनी वहिनीचं तोंडावर कौतुक आजवर कधी केलेलं नाय.

"गॅरेज कशाला?" आबा म्हणाले. "ही काय, समोर उभी हाय. आमची सून."

वहिनी वळली, आमच्या गाडीचं बोनेट उघडून आत वाकली, आणि बराच वेळ तिनं डोकं वर काढलं नाय. आत तर काहीच बिघडलेलं नव्हतं.