पिसांचा मासा

ताईला समुद्रावर कुणी कधी नेलं नाही. तरी मोठ्या, दातेरी माशांना काय दिसलं की राहवत नाही, हे तिला घरबसल्या बरोबर कळायचं. मागच्या खोलीत टेबलाला लहानसा शिकंजा आवळलेला होता. त्यात गळ धरायचा, त्यावर बकरीचे लांब केस, पिसं आणि चमकी दोऱ्याने करकचून बांधायची, दोन्ही बाजूंना डोळे चिकटवायचे, की आमिषाचा खोटा मासा तयार. पाण्यातून ओढलं की वीतभर मासा जीव घेऊन पळतोय असं वाटे. खाऱ्या पाण्यात हिसके खाऊनही तिची गाठ सुटत नसे.

धाकटा भाऊ हौशी लोकांना नावेतून मासे धरायला न्यायचा. त्यांच्या गळाला ताईचे मासे द्यायचा आणि "हे मीच बांधतो," अशी फुशारकी मारायचा. ताई ते हसण्यावारी न्यायची. मग एका मोठ्या दुकानाने माल मागवला आणि पाकिटावर कारागिराचं नाव छापायचं ठरवलं. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"माझं नाव घाल."

"ताई, नावेत कधी पाय न ठेवलेल्या बाईचा माल कोण घेईल गं?"

"तूच नेलं नाहीस."

"नेलं असतं तर बांधलं कुणी असतं?" भाऊ सहज बोलून गेला. त्याचं ते सहज बोलणंच तिच्या जिव्हारी लागलं.

दुकानदाराने अट घातली, गिऱ्हाइकांसमोर एक मासा बांधून दाखवायचा. भावाचं धाबं दणाणलं. "महिन्याभरात शिकव," म्हणाला. ताईने शिकवलं. हात बरा होता त्याचा. फक्त सुरुवातीचे चार वेढे रोज तीच घालून द्यायची. गळाच्या नेढ्यामागे, म्हणजे दोर ओवायच्या भोकामागे, आगकाडीच्या गुलाएवढी जागा मोकळी सोडावी लागते, शेवटची गाठ तिथे बसते. नाहीतर दोरा आणि डिंक नेढ्यावर चढून ते बुजतं. तिच्या वेढ्यांमुळे ती जागा आपोआप सुटे, म्हणून हे सांगायचं पहिल्या दिवशी राहून गेलं. पुढे तिने राहू दिलं. पकडला गेला की झक मारत म्हणेल, माझी बहीण बांधते. एवढंच तिला हवं होतं.

दुकानात भावाने देखणा मासा बांधला. दुकानदार कौतुकाने दोर ओवायला गेला, तर नेढं गच्च बुजलेलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"बांधतं कोण खरं?" दुकानदाराने विचारलं.

"मीच. आज हात चालला नाही," भाऊ म्हणाला.

मागणी रद्द झाली. घरी येऊन त्याने ताईला एका शब्दाने दुखावलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे तयार मासे आणले आणि तिच्या मालाला पुन्हा हात लावला नाही.

जुनी गिऱ्हाइकं दारात येऊन विचारत, पूर्वीसारखे का नाही देत?

"डोळे अधू झाले हो," भाऊ सांगे. "बांधणं सोडलं मी."

आत ताई सगळं ऐकत असे. तिचे डोळे चांगले होते.