लाल ठिपक्याचं ताट

अक्का गेली त्याला आता सहा आठवडे होतील. तिच्या शेजारच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "सर, सिस्टर दार उघडत नाहीत..." एवढंच त्या म्हणाल्या आणि मला कळायचं ते कळलं. अर्धा साबण गालावर तसाच ठेवून मी रिक्षात बसलो. रविवार होता. दर रविवारी अक्का आमच्याकडे जेवायला यायची. सुनंदानं, माझ्या बायकोनं, तिच्यासाठी आदल्या दिवशीच शेंगाची चटणी कुटून ठेवली होती. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. सरकारी दवाखान्यात तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी बसलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या उशाशी त्या वेळी कुणीच नव्हतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. अक्काच्या चांगुलपणाला माझ्या लेखाची गरज नाही. हे मी मुख्यतः माझ्याबद्दल लिहितो आहे, तेव्हा वाचकांनी मला फार भला माणूस समजून पुढे वाचू नये.

आमचं गाव जेऊरजवळचं. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती नर्सिंग शिकायला सोलापुरात आली आणि तिच्या मागोमाग मी इथल्या एका वसतिगृहात आठवीला दाखल झालो. त्याच वर्षी मला कांजिण्या आल्या. वसतिगृहवाल्यांनी माझी वळकटी मागच्या जळणाच्या खोलीत नेऊन टाकली. अक्काला कळलं तशी ती आली, मला टांग्यात घातलं आणि आपल्या भाड्याच्या खोलीवर नेलं. तिच्याकडे ताट एकच होतं. त्यात ती मऊ भात कालवायची, एक घास मला, एक तिला. "तुला येतील की," मी म्हणायचो. "मला लहानपनीच येऊन गेल्यात," ती म्हणायची. पंधरा दिवसांनी तिच्या अंगावर तीळभर जागा उरली नाही. मी विचारलं, "येऊन गेल्यात म्हणत हुतीस की?" तर म्हणाली, "कुनाकुनाला दोनदा येत्यात. गप पड." त्या वर्षी तिची परीक्षा बुडाली.

पुढे मी इतिहासाचा मास्तर झालो. साथी हा माझा आवडता विषय. प्लेग आला की मी पुस्तक मिटून ठेवायचो आणि वर्गाला आमच्या पणजीची गोष्ट सांगायचो. गावात उंदीर पडायला लागले तसं अख्खं गाव उठून माळावर झोपड्यांत गेलं. तिथं पणजीला ताप भरला. घरच्यांनी आपली झोपडी तिच्यापासून लांब नेली आणि रोज एका धोंड्यावर भाकरी ठेवून ते मागं सरायचे. पणजी वाचली, साथ गेली, गाव परत भरलं. पण पणजी पुन्हा कधी घरच्यांच्या पंगतीला बसली नाही. मरेपर्यंत ती ओसरीच्या खाली, एकटी जेवली. "साथीनं गावं उठवली, गावाबाहेर नव्या वस्त्या वसवल्या, अंधाऱ्या घरांना खिडक्या पाडायला लावल्या, दवाखान्याला भिणाऱ्या लोकांना दवाखान्याची वाट दाखवली," मी सांगायचो, "पण मुलांनो, साथ जाते आणि तिनं माणसामाणसांत टाकलेलं अंतर मागे राहतं." घंटा झाली तरी मुलं जागची उठायची नाहीत. ही गोष्ट मुळात अक्कानं मला सांगितलेली, पण ते मी वर्गात कधी बोललो नाही.

मग कोरोना आला. अक्काची निवृत्ती तोंडावर आली होती, तरी तिला त्याच वॉर्डात ड्यूटी लागली. टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, ती आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी. घरमालकानं खोलीचं कुलूप बदललं होतं.

"आप्पा, आट-दहा दिस ऱ्हाऊ दे. गच्चीवरच्या खोलीत पडून ऱ्हाईन. खाली पाय ठिवायची न्हाय."

सुनंदानं तिला खिडकीतून पाहिलं होतं. मला म्हणाली, "वन्संना जिन्यानं वर पाठवा. मी खोली झाडून घेते." तिला दमा आहे, तरी हातात झाडू घेऊन ती निघालीसुद्धा. मी बाहेर आलो. फाटकापासून दहा पावलांवर थांबलो. एरवी मी अक्काशी गावाकडचंच बोलायचो, त्या दिवशी मात्र माझी भाषा एकदम शाळेतली झाली. "अक्का, माझी काहीच हरकत नाही. पण सुनंदाला दमा आहे ना, ती फार घाबरली आहे."

मागे दाराशी सुनंदा झाडू घेऊन उभी होती. तिनं ऐकलं.

"व्हय की," अक्का म्हणाली. "दम्याच्या मानसाला जपायलाच पायजे."

भ्यालो होतो मी. सुनंदा नव्हे. जेवून तरी जा, असं म्हणण्याइतकी लाज शिल्लक होती. ताट काढलं, आणि ते नंतर बाकीच्यांत मिसळू नये म्हणून मुलीची जुनी नेलपॉलिशची बाटली शोधून त्याच्या पाठीवर लाल ठिपका दिला. ठिपका वाळेपर्यंत अक्का उन्हात उभी होती. मग ताट वाढून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं आणि मी मागं सरलो. ती फाटकाच्या पायरीवर बसून जेवली, बागेच्या नळावर ताट घासलं, उन्हात पालथं घातलं आणि गेली. पुढचा दीड महिना तिनं दवाखान्यातल्या सामानाच्या खोलीत बाकावर काढला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्याच आठवड्यात शाळेनं माझं मोबाइलवरून व्याख्यान ठेवलं होतं. विषय अर्थातच साथी. पणजीची गोष्ट मी त्या दिवशी जितकी रंगवून सांगितली तितकी कधीच सांगितली नव्हती. धोंड्यावरच्या भाकरीपाशी तर मी चष्मा काढून पुसला... संध्याकाळी अक्काचा फोन. "आप्पा, लई चांगलं बोललास. आमच्या वॉर्डात समद्यांनी ऐकलं. मी सांगितलं, माजा भाऊ हाय."

सगळं सुरळीत झाल्यावर ती पुन्हा रविवारी यायला लागली. पहिल्याच दिवशी सरळ स्वयंपाकघरात गेली, मांडणीतली ताटं उलटी करून पाहिली आणि ठिपक्याचं काढून घेतलं. सुनंदा ते तिच्या हातातून ओढू लागली, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. याचा काठ उंच हाय, आमटी सांडत न्हाय." त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच ताट. टोमणा होता का? पणजीची गोष्ट तिला माझ्याआधीपासून पाठ होती. पण तिच्या तोंडावर कधी काही दिसलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. सुनंदा मला एकदाच म्हणाली, "खरं काय ते तुम्ही सांगा त्यांना. मी सांगणार नाही." मी सांगणार होतो. दर रविवारी सांगणार होतो.

शेवटच्या रविवारी सुनंदा आत भाकरी आणायला गेली होती. अक्का आवाज बारीक करून म्हणाली, "आप्पा, सुनंदाला एकदा सांग, माज्या मनात काय न्हाय. दम्याचं मानूस, भ्यालं तर भ्यालं. मी धरून बसले न्हाय." माझ्या तोंडात घास होता. तो मी खूप वेळ चावत बसलो. पुढच्या रविवारी नक्की सांगू, असं ठरवलं. पुढच्या रविवारी तो फोन आला.

तेराव्याची भांडी आवरताना पुण्याहून आलेल्या सूनबाईंनी ते ताट उचललं. "आई, याच्या मागे नेलपॉलिश लागलंय. पुसून टाकू? कुणी लावलंय?"

सुनंदा पातेलं घासत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मी लावलंय," मी म्हणालो. "आणि अक्काला त्या दिवशी घरात घेतलं नाही ते मी. सुनंदानं तर खोली झाडायला घेतली होती."

सुनंदाचे हात थांबले नाहीत. "ज्यांना सांगायचं होतं त्या गेल्या," ती म्हणाली.

ठिपका मी पुसू दिला नाही. आता रविवारी त्या ताटात मी जेवतो. पहिल्याच रविवारी आमटी काठावरून माझ्या धोतरावर आली. उठून मांडणीतलं दुसरं ताट आणलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली. सहाच्या सहा ताटं आम्ही एकदम घेतलेली. काठ सगळ्यांचा सारखाच आहे.