कपॅसिटरचे डबे आणि न वाचलेले दुसरे पान

गावाची वीज कमी करणारा माणूस गुन्हेगार असतो का? उत्तर द्यायची घाई करू नका. मी केली होती, आणि अंगावर वर्दी असताना केली होती.

निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. बाकीच्या गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात. पण ही एक दुपार कालची असल्यासारखी समोर उभी राहते.

मी तेव्हा मूर्तिजापूर भागातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत विजेचे एक उपकेंद्र होते. हरभरा-गव्हाच्या दिवसांत शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की विजेचा दाब खाली यायचा. मोटारी नुसत्या घरघरायच्या, पाणी ओढायच्या नाहीत. हा दाब सावरायला उपकेंद्राच्या आवारात लोखंडी सांगाड्यावर कपॅसिटरच्या दोन रांगा होत्या. गावकरी त्यांना ‘डबे’ म्हणत. डबे चालू तर मोटारी जोरात. डबे बंद की उपकेंद्राच्या फाटकावर गर्दी ठरलेली.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक डबा फुटला. आवाज ठाण्यापर्यंत आला. खाली उभ्या असलेल्या वायरमनच्या अंगावर पेटते तेल पडले. दोन्ही हात भाजले. मी उपकेंद्रावर धावलो. त्याला अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवून परत आलो, तर ठाण्यासमोर दीड-दोनशे माणसे जमलेली.

वायरमन गावाचा लाडका होता. हाक मारली की खांबावर चढणारा. त्याच वर्षी गावाने शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार केला होता. लोकांचा राग होता तो उपकेंद्राच्या ऑपरेटरबाईवर. ही तिशीची मुलगी यंत्रणा चालू-बंद करायच्या कामावर होती आणि वरचेवर डबे बंद ठेवायची. त्या दिवशी तिची साप्ताहिक सुटी होती. बदलीच्या ऑपरेटरने लोकांच्या आग्रहावरून दोन्ही रांगांतले डबे चालू केले आणि स्फोट झाला.

“जाता जाता तिनंच काईतरी ढिलं करून ठेवलं, साहेब!” एक पुढारी ओरडला. “आमच्या भाऊचे हात गेले. तिले आत टाका, नाईतर आमी इथून हलत नाई!”

मागून कोणी बोलले, “कोट्यातून आलेली बाई. तिले काय समजते मशीनीतलं?”

मीही त्याच कोट्यातून वर्दीत आलो होतो. मान वळवून पाहिले, तेव्हा बोलणारा गर्दीत खाली बसला.

तरीही संशय माझ्याही मनात होताच. तेवढ्यात फोन वाजला. नाव न सांगता एकाने खबर दिली, “उपकेंद्रातला माल भंगारवाल्याकडं जाऊन राहिला. पाहा बाईचे उद्योग.”

मी बाईला घरून बोलावून घेतले. महिला शिपाई सोबत होती. बाई बाकावर ताठ बसली होती. रडणे नाही, हातापाया पडणे नाही.

“डबे मुद्दाम बंद ठेवत होतीस?”

“मुद्दामच ठेवत होती, साहेब.”

“काहून?”

“लिहून दिलं हाय. तुमच्याच ठाण्यात. तीन आठवडे झाले.”

मला आठवले. ती एक अर्ज घेऊन आली होती. गावकरी शिव्या देतात, दगड मारतात, अशी तक्रार. मी वरचे पान पाहिले, पुढाऱ्याला बोलावले, दोघांना समोरासमोर उभे केले आणि म्हणालो, “ताई, गावात राहायचं हाय न? घ्या जमवून.” अर्जावर शेरा मारला : उभय पक्षांस समज देण्यात आली. फाइल बंद. राज्यातल्या कुठल्याही ठाण्यात जा, या शेऱ्याखाली झोपलेले अर्ज गठ्ठ्याने सापडतील.

“ते भांडणाचं होतं,” मी म्हणालो. “मी स्फोटाचं विचारून राहिलो.”

“तेही त्याच्यातच लिहिलं हाय, साहेब.” मला तो उद्धटपणा वाटला. अटकेची तयारी ठेवायला सांगून मी जीप काढली आणि भंगारवाल्याकडे गेलो.

भंगारवाला साठीचा मुसलमान गृहस्थ. दुकानाच्या दाराशीच गोणी पडलेली. उपडी केली. आत हातभर लांबीच्या जळक्या नळ्या. फ्यूज!

“चाचा, चोरीचा माल दाराशी ठेवता?”

“चोरीचा असता तर दाराशी ठेवला असता का, साहेब? अक्कल हाय अजून थोडी. आन पाहा तरी, सगळा जळेल माल हाय. चोर काय जळका माल उचलते?”

“कोणी दिला? बाईनं?”

त्याने टोपी काढून डोके खाजवले.

“त्या बाईनं तर मले फाटकाच्या आत पाय ठेवू नाई देल्ला कधी. देणारा दवाखान्यात पडला हाय, साहेब. अशा टायमाले त्याचं नाव कसं घेऊ?”

वायरमन!

मी नळ्या मोजल्या. अकरा. आणि डोक्यात लख्ख पडले. मी काही वीजतज्ज्ञ नाही, पण जळका फ्यूज काढला तर त्या जागी दुसरा लागतो, एवढे कोणालाही कळते. आवारात तर मला सगळे डबे जोडलेले दिसले होते. मग या अकरा जागी होते काय?

ठाण्यात फोन लावला. “बाईचा जुना अर्ज काढ. दुसरं पान वाच. मोठ्यानं वाच!”

ठाणे अंमलदार वाचू लागला. “प्रत्येक डब्याला स्वतंत्र फ्यूज असतो. डबा आतून खराब झाला की फ्यूज उडून तो बाजूला पडतो. असे डबे वाढले की उरलेल्यांवर ताण येतो. तो ओळखून रिले पूर्ण संच बंद करतो. येथे उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार बांधली जात आहे. संच बंद पाडणारी रिलेची ट्रिपची वायर काढून ठेवलेली आहे. काही डबे फुगले आहेत. मी सांगून कोणी ऐकत नाही. माणूस मरेल. कृपया लक्ष घालावे.”

माणूस मरेल! हे माझ्या कपाटात तीन आठवडे पडून होते.

“साहेब, आणखी एक,” अंमलदार घाईने म्हणाला. “गर्दी इथून उपकेंद्रावर गेली. दुसरी रांग चार वाजता चालू करून घेणार म्हणतात.”

घड्याळात पावणेचार. उपकेंद्राला फोन केला, कोणी उचलेना. बाईला घेऊन महिला शिपाई दुसऱ्या गाडीने निघाली, मी इकडून. कच्चा रस्ता, समोर कपाशीची गाडी आडवी. हॉर्नवरचा हात मी काढलाच नाही. आयुष्यात दरोडेखोरांच्या मागे इतका पळालो नसेन!

आवारात शंभर माणसे सांगाड्याला खेटून उभी होती. आत बदलीच्या ऑपरेटरचा हात स्विचवर. मी खिडकीतूनच गरजलो, “हात खाली! डबे चालू केले तर पहिली अटक तुला!”

त्याचा हात खाली आला. मी धावत सांगाड्याकडे गेलो, तारा जवळून पाहायला हात पुढे केला आणि मागून किंकाळी आली.

“साहेब, हात नका लावू! बंद हाय म्हणून मेलेला नाई तो! सकाळच्या विजेचा साठा आत राहू शकते!”

बाई पोचली होती. तिने लोकांना मागे रेटले, रबरी हातमोजे चढवले, साठलेली वीज जमिनीत उतरवणारी लांब दांडीची अर्थिंगची काठी आणली आणि एकेका डब्याला लावली. तिसऱ्या डब्यावर चट्टदिशी ठिणगी उडाली. शंभर माणसे एकदम मागे सरली.

मग तिने काठीने दाखवले. इथे तार. इथे तार. इथेही. आणि चार डबे पोट फुगलेले, शिवणीतून तेल झिरपणारे. आदल्या दिवसापर्यंत तिने ते बंद ठेवले होते. त्याच लोकांसाठी, जे तिला शिव्या देत होते. पुढाऱ्याने तोंडावरचा घाम पुसला. मी त्यालाच पंच केला. एकेक तार त्याच्या डोळ्यांसमोर मुद्देमालात जमा केली. पॅनलमध्ये ट्रिपची वायर खरोखर लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीने वायरमनचा जबाब घेतला. दोन्ही हात पट्ट्यांत.

“मीच बांधल्या, साहेब. नवे फ्यूज मागितले, आले नाई. वरून तोंडी सांगितलं, काईही कर, पण लोकांची बोंब बंद कर. इकडं लोक हात जोडत. भाऊ, तुमीच पाहा. मले वाटलं, चांगलंच करून राहिलो.” थोडा थांबून तो म्हणाला, “ताई रोज भांडे. मी म्हणे, तू भित्री हायस.”

गुन्हा हयगयीचा दाखल झाला. त्यात तोंडी हुकूम देणारा वरिष्ठही आला. त्यासाठी मला अमरावतीपर्यंत खेटे घालावे लागले, पण मी सोडले नाही. वायरमनची डाव्या हाताची बोटे मात्र वाचली नाहीत.

बाईला मी ठाण्यात बोलावून माफी मागितली. ती म्हणाली, “माझं काय घेऊन बसले, साहेब? तुमी तवा पान उलटलं असतं तर भाऊचा हात राह्यला असता.”

लोकांना हवे ते करणारा चांगला आणि नको ते करणारा वाईट, हा हिशेब गावाने केला, खात्याने केला आणि मी सरकारी शिक्क्यानिशी केला. कायदा त्या आवारात एकटी ती पाळत होती, आणि हातकड्या मी तिच्यासाठी काढल्या होत्या!

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझे मागणे आहे. या आठवड्यात चार-पाच जण मिळून तुमच्या भागातल्या उपकेंद्राच्या कार्यालयात जा आणि लेखी विचारा : कपॅसिटरच्या प्रत्येक डब्याला खरा फ्यूज आहे का, ट्रिपची वायर जोडलेली आहे का? उत्तर लेखीच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. आणि दिलेले उत्तर शेवटच्या पानापर्यंत वाचा.