जास्वंदीतली पिल्लं

इकडे कान कर गं बाय, आईला विसरलीस की काय? आज शेजारून वाळत्या सुकटीचा वास आला आणि तुझी पाचवीची सुट्टी आठवली. पावसाळ्याच्या बेगमीची सुकट मी परसात जास्वंदीखाली पसरली होती. वर घरट्यात बुलबुलाची तीन पिल्लं, आणि तू काठी घेऊन राखणीला. "आधी जेवून घे, कावळे काय खातायत तुझ्या पिल्लांना!" मी ओरडले. तू चार घास गिळून धावलीस, तर घरटं रिकामं. सुकटीला आलेल्या कावळ्यांनी पिल्लं नेली होती. तू रडली नाहीस. पुढे सुकटीला कधी शिवली नाहीस. चूक माझीच होती, हे सांगायचं राहूनच गेलं.

यंदा जास्वंदीत पुन्हा घरटं आहे. परसात मी काहीच वाळत घातलेलं नाही. ये ना, पिल्लं उडायच्या आत.