पपई नासकी नव्हती

कॅम्पातल्या मेसच्या खानसाम्यानं मला फसवलं. मी त्याला नासका माल दिला असं भिंगारात आजही सांगतात. ते खोटं आहे.

गोऱ्या साहेबांचं राज्य आणि लढाईची वर्षं होती. डोक्यावर पेरूची पाटी घेऊन गल्लोगल्ली ओरडत मी धंदा उभा केला, बापाची दमडीही हाती आली नव्हती. पुढे नगरच्या मंडईत ओटा मिळवला आणि मेसच्या फाटकाशी बसायचा परवाना मिळाला तेव्हा तो ओटा सोडूनही दिला. फाटक गेलं तर चूल गेली, असं बायकोनं तेव्हाच बजावलं होतं.

उन्हाळा लागला होता. भर दुपारी खानसामा धावत आला. तो आमच्याच आळीतला, मला मामू म्हणायचा. बाहेरगावचे साहेब जेवायला यायचे होते आणि मेसचा कोळसा आलेला नव्हता. त्याच्या हातात ओल्या फडक्यात लष्करी डेअरीतलं मऊ चीज होतं.

"मामू, ह्यो आंबट गोळा अन् तुजी फळं, एवढंच हाय. आज नोकरी जाती माजी."

मी गोळा चाखला. आमच्या घरी रोजा सोडताना फळांच्या फोडींना मीठ-मिरी लावतात, कधी वर घरचं पनीर मोडून टाकतात. म्हटलं, करून देतो, पण फुकट नाही. त्यानं खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला. मंडईत सौदा असाच व्हायचा; रुमालाखाली बोटं दाबली की पक्कं, शेजारच्याला काही कळता कामा नये. हळू आवाजात ठरलं ते असं: पदार्थावर नाव त्याचं, आणि मेसचं फळ यापुढे फक्त माझ्याकडून. त्यानं बोटं दाबली. मीही दाबली.

राहात्याची मोसंबी सोलली, पपईच्या फोडी केल्या, पुदिना चुरडला, मीठ, मिरी, लिंबू. चीज हातानं मोडून वेगळं ठेवलं. आणि त्याला सांगितलं, पपई अन् हे चीज एकत्र ठेवू नकोस, कडू होतं. खायच्या वक्ताला मिसळ.

तो हसला. "मामू, तू फळं इक. रांधणं मला नको शिकवू."

"ह्यात रांधायचं हायच काय?" मी म्हणालो.

साहेब खूष झाले. मोठ्या मेजवानीला तेच पुन्हा मागवलं. ह्या शहाण्यानं सगळं सकाळीच मिसळून बर्फावर ठेवलं. जेवणापर्यंत ते पाणी सुटून कडूजहर झालं, आणि एका मडमेनं घास रुमालात थुंकला. चौकशी झाली तेव्हा खानसाम्यानं फाटकाशी बसलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं, पपई नासकी होती म्हणाला.

शिपायांनी माझ्या पाट्या गटारात उलथ्या केल्या. मी सांगत होतो, उरलेली पपई कापा, तुम्हीच चाखा. कुणी सुरीही उचलली नाही. मग माझं डोकं फिरलं आणि मी खानसाम्याची कॉलर धरली. सौदा काय झाला होता ते सांग म्हटलं.

"कंचा सौदा?" तो साहेबाकडे बघत म्हणाला. "कुनी ऐकला?"

कुणीच ऐकला नव्हता. आमच्या रुमालाची खुबीच ती. कॉलर धरली हाच माझ्या गुन्ह्याचा पुरावा ठरला. परवाना त्याच दुपारी गेला, आणि मंडईतला ओटा केव्हाच दुसऱ्याचा झाला होता. घरात मोसंबीचा ढीग पडून होता. बायको रोज निवडायची, चांगलं एकीकडे, डागी दुसरीकडे. मग डागी ढीग वाढत गेला. शेवटी ती निवडेनाशीच झाली, नुसती ढिगाजवळ बसून राहायची. मी दारोदार फिरलो. कॅम्पानं हाकललेला बागवान म्हणून लोक आधी फळ हुंगायचे, मग नाही म्हणायचे.

खानसामा अजून भिंगारात आहे. लग्नाकार्यात ती फळं करतो आणि आपलीच युक्ती म्हणून सांगतो. मला त्याच्याकडून काही नको. फक्त त्यानं माझ्या दारात यावं, आणि त्या ढिगाशेजारी बसून राहिलेल्या माझ्या बायकोच्या तोंडावर सांगावं: पपई नासकी होती का? व्हय का न्हाई?